यंत्रांसाठी करार, माणसांसाठी कधी?

मे २०२३ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने आरोग्यव्यवस्थेतील पुनर्वसनसेवा बळकट करण्याविषयीचा ठराव संमत केला. आजार किंवा अपघात यांनंतर माणसाला पुन्हा हिंडण्याफिरण्याजोगे व काम करण्याजोगे बनविणे ही वैद्यकाची पुरवणी नसून त्याचे अंगभूत कार्य आहे आणि त्यासाठी शिकलेली माणसे निर्माण करणे ही सदस्य-राष्ट्रांची जबाबदारी आहे, हा त्या ठरावाचा मथितार्थ. तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नव्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी किमान निकष प्रसिद्ध केले. त्यांतील आवश्यक विभागांच्या यादीतून इतर दोन विभागांबरोबर ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ हा विभागही वगळण्यात आला होता. जगाच्या व्यासपीठावर मान डोलवायची आणि घरच्या नियमावलीत दार लावून घ्यायचे, असा हा प्रकार झाला.

हा केवळ अभ्यासक्रमाचा वाद असता, तर तो डॉक्टरांच्या संघटनांवर सोपवून इतरांना मोकळे होता आले असते. परंतु पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, चाकण, तळेगावपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने तो रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला कामगार, मचाणावरून पडून पाठीचा कणा मोडलेला बांधकाम मजूर, पुणे-नाशिक महामार्गावर दुसऱ्या पाळीहून परतताना डोक्याला मार बसलेला तरुण, ही माणसे आज शस्त्रक्रियेने जगतात. जगल्यानंतर त्यांचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर देणारे वैद्यक मात्र आपल्याकडे अद्याप अपुरे आहे. परदेशी संस्थांच्या सहकार्याने अशा डॉक्टरांचे प्रशिक्षण व्हावे, ही सूचना म्हणूनच गंभीरपणे तपासण्याजोगी आहे. तपासावयाचे ते हे की, असे सहकार्य कोणत्या अटींवर फळते आणि कोणत्या अटींवर कागदावरच राहते.

शस्त्रक्रियेनंतरचे वैद्यक

पुनर्वसन-वैद्यक म्हणजे मालीश आणि शेक, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः ही शाखा मोडलेल्या अवयवापेक्षा मोडलेल्या कार्याचा विचार करते. चेंगरलेल्या हातावर शल्यविशारदाने उत्तम शस्त्रक्रिया केली, तरी पुढील काही आठवड्यांत सांधे आखडतात, स्नायुबंध चिकटतात, मज्जातंतूंच्या वेदना सुरू होतात आणि नसलेल्या बोटांतही कळा येतात. योग्य वेळी योग्य आधारपट्टी, व्यायाम, वेदनाशमन, आवश्यक तर कृत्रिम अवयव आणि अखेरीस हा माणूस कोणते काम करू शकेल याची पारख, ही सर्व साखळी कोणीतरी एकहाती जुळवावी लागते. फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचार तज्ज्ञ, कृत्रिम अवयव बनविणारा तंत्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांच्या चमूचे नेतृत्व करणारा डॉक्टर तो पुनर्वसन-वैद्यकाचा डॉक्टर. तो नसला की चमूतील प्रत्येक जण आपापले काम करतो, पण कामगार कारखान्यात परत जात नाही.

या शाखेची गरज थोड्यांनाच लागते असेही नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल अशा व्याधी असलेल्या माणसांची संख्या २०१९ मध्ये २४१ कोटी होती, म्हणजे जगातील दर तिघांपैकी एक.

ही शाखा युद्धांतून जन्मली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीचा कणा मोडलेला माणूस बहुधा काही महिन्यांत मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा शय्याव्रणांनी दगावत असे. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी सुरू केलेल्या केंद्राने हे चित्र पालटले. अमेरिकेत हॉवर्ड रस्क यांनी सैनिकी रुग्णालयांतील अनुभव न्यूयॉर्कमध्ये नागरी जीवनात आणला. पुण्यातही कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले ते १९४४ मध्येच, युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी. पुढे १९७४ मध्ये खडकीला कंबरेखाली पक्षाघात झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र निघाले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले आणि नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली. जायबंदी माणूस पुन्हा उभा राहू शकतो याची साक्ष या परिसराला अशी घरातच मिळाली आहे. सैनिकाच्या बाबतीत राज्यसंस्था आपले ऋण मानते म्हणून संस्था उभ्या राहतात. कामगाराच्या बाबतीत ती नुकसानभरपाई मोजते आणि तेथेच थांबते. या दोन वृत्तींतील फरक म्हणजेच पिंपरी-चाकण पट्ट्याचा प्रश्न.

मुंबईचा प्रयोग

आंतरराष्ट्रीय सहकार्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची आशियातील पहिली प्रशिक्षणशाळा सुरू केली. पाठोपाठ त्याच रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने, फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तांत्रिक साहाय्याने मुंबईत अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. हाजी अलीची संस्था म्हणून ती आज ओळखली जाते. पाच-सहा वर्षांच्या अवधीत एका शहरात या शाखेचा संपूर्ण सांगाडा उभा राहिला, आणि प्रत्येक टप्प्यावर परदेशी ज्ञानाचा हात होता.

या सहकार्याचे फळ मिळाले नाही असे कोणी म्हणणार नाही. के. ई. एम. मधील दोन्ही शाळांनी आपापल्या व्यवसायांचा देशभर पाया घातला. १९५२ मध्ये व्यवसायोपचार तज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. परंतु डॉक्टरांच्या बाबतीत मुंबईची संस्था हे जसे आरंभस्थान ठरले, तसे ते बराच काळ अपवादस्थानही राहिले. फिजिओथेरपीचा पदवीधर स्वतःचा दवाखाना थाटू शकतो. पुनर्वसन-वैद्यकाच्या डॉक्टराला मात्र खाटा, चमू आणि कार्यशाळा असलेला विभाग लागतो, आणि विभाग निर्माण करणे हे सरकारचे, महापालिकेचे किंवा विमा महामंडळाचे काम. ते पुरेसे झाले नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर परदेशी साहाय्याने पुरवठा निर्माण झाला. मागणी निर्माण करण्याचे काम देशाचे होते, ते अर्धवट राहिले. २०२३ च्या निकषांनी त्या अर्धवटपणावर शिक्कामोर्तब केले, इतकेच.

जेथे संस्थेने आधी जागा निर्माण केली, तेथे काय घडते याचे उदाहरण वेल्लोरचे आहे. १९५४ मध्ये मोटार-अपघातात कंबरेखालचे शरीर लुळे पडलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी न्यूयॉर्कला रस्क यांच्या संस्थेत प्रशिक्षण घेतले. त्या परतल्या तेव्हा ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांच्यासाठी विभाग वाट पाहत होता. १९६६ मध्ये तेथे रुग्णांना निवासी राहून उपचार घेता येतील असे केंद्र निघाले. प्रशिक्षण परदेशात झाले, पण खुर्ची घरी ठेवलेली होती.

करार संपण्यासाठीच असतो

पिंपरीला हा धडा वेल्लोरवरून घेण्याचीही गरज नाही. या नगराच्या औद्योगिक जीवनाचा प्रारंभच अशा सहकार्यातून झाला. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञ केवळ आणलेली कृती गिरवीत बसले नाहीत; हमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक त्यांनी स्वतः शोधून काढले. पुढे १९९० च्या दशकात ही कंपनी आजारी उद्योगांत जमा झाली, हा इतिहासही विसरता येणार नाही. साहाय्य पाया घालते. इमारत टिकविण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

मोटार-उद्योगाचा अनुभव याहून बोलका आहे. टेल्कोने डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये केलेला ट्रकनिर्मितीचा करार १९६९ मध्ये संपला आणि ट्रक भारतीय नावाने धावू लागले. बजाज आणि इटलीची पिआज्जो यांच्यातील स्कूटरचा परवाना १९७१ मध्ये संपला आणि आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटर बाहेर पडतच राहिली. सुमंत मुळगावकर यांनी टेल्कोचा पुण्यातील कारखाना उभारताना आधी यंत्रहत्यारे आणि कुशल कारागीर घडविण्यावर भर दिला. येथून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. आधी शिकणे, मग उत्पादन आणि ठरल्या मुदतीनंतर शिक्षकाचा निरोप, हे त्या काळच्या यशस्वी करारांचे सूत्र होते.

वैद्यकीय सहकार्याचे करार बहुधा या सूत्रावर आखले जात नाहीत. मान्यवरांच्या सह्या होतात, आठवड्याची कार्यशाळा भरते, दोन-चार डॉक्टर परदेशी जाऊन येतात, त्यांतील एखादा तिकडेच स्थिरावतो आणि उरलेल्यांना परतल्यावर पूर्वीच्याच बाह्यरुग्ण विभागात पूर्वीचेच काम मिळते. त्यामुळे कोणत्याही कराराला प्रथम विचारावयाचा प्रश्न हा की, तो संपेल कधी आणि संपेल तेव्हा येथे कोण शिकवीत असेल?

एका अंगठ्याचा हिशेब

या प्रश्नामागील अर्थकारण एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वीस हजार रुपये मासिक वेतन असलेल्या पंचवीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा प्रेसखाली गेला असे समजू. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने अवयवांचे भाव ठरवून दिले: अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असे मानावयाचे, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्क्यांनी. परिशिष्टाची हीच रीत २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही चालू राहिली आहे. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘ईएसआय’त, कायमच्या अपंगत्वाचा पूर्ण दर वेतनाच्या ९० टक्के धरला जातो. त्याचे ३० टक्के म्हणजे या कामगाराला दरमहा ५,४०० रुपये.

वेतनवाढ आणि महागाई बाजूस ठेवून, अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतच्या ३३ वर्षांत ही रक्कम सुमारे २१ लाख रुपये होते. आता दुसरी बाजू पाहावी. हा तरुण पुन्हा कामावर जाऊच शकला नाही, तर दरमहा १४,६०० रुपयांची खोट उरते, आणि त्याच ३३ वर्षांत ती सुमारे ५८ लाखांवर जाते. ही रक्कम विमा महामंडळाच्या ताळेबंदात दिसत नाही, कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात दिसत नाही, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत तर नाहीच नाही. ती त्याच्या बायकोच्या धुण्याभांड्यांत आणि मुलांच्या सुटलेल्या शाळेत दिसते. परिशिष्ट अंगठ्याची किंमत करते. उरलेल्या चार बोटांनी किती काम होईल, हे पुनर्वसन ठरविते. पहिल्या गोष्टीसाठी कायदा आहे. दुसरीसाठी डॉक्टर हवा.

कायदा करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या १९ व्या कलमात जखमी व अपंग विमाधारकांच्या पुनर्वसनासाठी आणि पुनर्नियुक्तीसाठी उपाय योजण्याची मुभा महामंडळाला दिली होती. मुभा दिली, बंधन घातले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला. मुभेचे कर्तव्यात रूपांतर करण्याची ही वेळ आहे.

त्यातही ज्यांना गरज सर्वाधिक, तेच या व्यवस्थेतून निसटतात. ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या २०१९ पासून निघणाऱ्या ‘क्रश्ड’ या अहवालमालेने, हरियाणापासून सुरुवात करून, मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील हाताबोटांच्या अपघातांची नोंद ठेवली. जखमींत स्थलांतरित आणि ठेकेदारी कामगारांचा भरणा मोठा आणि अपघाताच्या कारणांत पॉवर प्रेस अग्रस्थानी, असे त्यांतून दिसते. मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेला ठेकेदारी कामगार टाके निघताच गावी जातो. त्याच्यासाठी पुनर्वसन म्हणजे महिनोन्महिने निवास, उपचार आणि तेवढ्या काळाचे वेतन. नुसत्या यंत्रसामग्रीच्या देणगीने हे साधणार नाही.

चाकणचे जर्मन शेजारी

येथे परदेशाकडून शिकण्याजोगे खरे काय आहे, ते दिसू लागते. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ पासून चाकणला आहेत. त्यांच्या मायदेशी, बिस्मार्कच्या काळात, १८८४ मध्ये औद्योगिक अपघात विम्याचा कायदा झाला. त्या विम्याचा सर्व हप्ता मालकांनी भरावयाचा असतो. अपघात टाळणे, जखमीवर उपचार व पुनर्वसन करणे आणि भरपाई देणे, ही तिन्ही कामे तेथे एकाच विमा संस्थेकडे सोपविलेली आहेत. साहजिकच तिच्या हिशेबात चांगल्या पुनर्वसनावरील खर्च हा निवृत्तिवेतनातील बचत ठरतो. निवृत्तिवेतनाआधी पुनर्वसन, हे त्या व्यवस्थेचे ब्रीद आहे. बोखुम येथे १८९० मध्ये खाणकामगारांसाठी निघालेले अपघात-रुग्णालय हे अशा रुग्णालयांतील जगातील पहिले मानले जाते. अशा रुग्णालयांचे जाळे आजही या विमा संस्था चालवितात.

म्हणजे जर्मनीकडून आणावयाची ती केवळ एखादी उपचारपद्धती नव्हे, तर ज्या हितसंबंधांच्या मांडणीमुळे तेथे पुनर्वसन-डॉक्टरला मागणी आहे ती मांडणी. येथे लाभ देणारे महामंडळ एक, रुग्णालये चालविणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी राज्याची आणि सुरक्षेची तपासणी तिसऱ्याच खात्याकडे. कोणाच्याही खर्चात झालेली बचत दुसऱ्याच्या खिशात जाते. मग खर्च करावा कोणी?

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, अपघातच होऊ नयेत यासाठी प्रेसला संरक्षक बसविणे हे पुनर्वसनाहून स्वस्त आणि अधिक माणुसकीचे आहे. हे निर्विवाद आहे. परंतु तुटलेली बोटे रोज पाहणारा डॉक्टर कोणत्या कारखान्यातून कोणत्या पाळीत जखमी येतात, हेही पाहतो. त्याची नोंदवही कारखाना निरीक्षकाच्या हाती पडली, तर पुनर्वसन हे प्रतिबंधाचे साधन बनते.

दुसरा आक्षेप असा की, परदेशी शिक्षण खुर्चीवर बसणाऱ्या, उंबरठे नसलेल्या घरांत राहणाऱ्या रुग्णासाठी आखलेले असते. आपला रुग्ण मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो आणि चाळीचा जिना चढतो. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडविले ते नेमक्या याच कारणासाठी. हा आक्षेप सहकार्याविरुद्ध नसून त्याच्या दिशेविषयी आहे. प्रशिक्षण येथेच, येथील रुग्णांवर, येथील घरे आणि कारखाने पाहून झाले पाहिजे, शिक्षकांनी येथे यावे आणि जाताना काही शिकून जावे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवरील शस्त्रक्रिया विकसित करणारे डॉ. पॉल ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिलला गेले, तेव्हा भारतात मिळविलेले ज्ञानच ते सोबत घेऊन गेले. पुनर्वसनाच्या क्षेत्रात भारत हा केवळ विद्यार्थी कधीच नव्हता.

काय करावयास हवे

यावरून अटी आपोआप स्पष्ट होतात. पहिली, पदे आधी आणि करार नंतर. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पदव्युत्तर शिक्षण देते. चिंचवडच्या मोहननगरात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. या दोन संस्थांत पुनर्वसन-वैद्यकाची शिक्षकपदे, खाटा आणि पदव्युत्तर जागा असतील, तरच बाहेरचा शिक्षक बोलावण्यात अर्थ आहे. दुसरी, कराराला दहा वर्षांसारखी निश्चित मुदत असावी आणि दरवर्षी शिकविण्याचा किती भार स्थानिकांकडे आला, याची नोंद व्हावी. तिसरी, मुंबईची हाजी अलीची संस्था आणि पुणे-खडकीची सैनिकी केंद्रे यांना कराराबाहेर ठेवू नये. सातासमुद्रापलीकडे जाताना शेजारचे दार ठोठावणे विसरू नये. चौथी, कंपन्यांनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून यंत्रांवर आपल्या नावाच्या पाट्या लावण्याऐवजी अध्यापकपदांचा खर्च उचलावा आणि परतणाऱ्या कामगारासाठी बदललेल्या स्वरूपाचे काम राखून ठेवावे. पाचवी, यशाचे मोजमाप प्रमाणपत्रांच्या संख्येवर न करता अपघातानंतर वर्षभराने किती जखमी कामावर आहेत, या एकाच आकड्यावर करावे.

अर्थात या सर्वांच्या आधी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ मध्ये लावून घेतलेले दार उघडे असले पाहिजे. ज्या विषयाचा विभाग महाविद्यालयाला आवश्यक नाही, त्या विषयाकडे हुशार विद्यार्थी वळणार नाही, आणि कितीही परदेशी करार केले तरी त्याला वळविता येणार नाही.

पिंपरी-चाकण पट्ट्याने गेल्या सत्तर वर्षांत जगाकडून पेनिसिलीन घेतले, ट्रक घेतला, स्कूटर घेतली, आणि घेताना प्रत्येक वेळी एकच हिशेब चोख ठेवला: हे आपले आपल्याला कधी करता येईल? यंत्राच्या बाबतीत दाखविलेला हा व्यवहारी शहाणपणा, त्या यंत्राखाली सापडलेल्या हाताच्या बाबतीत दाखविणे एवढेच आता बाकी आहे.